गल्लीतले जुने फोटो आणि आठवणी गोळा करताय? आधी वही उघडा, स्कॅनर नंतर

पुण्यातल्या जुन्या पेठांमधून हल्ली बऱ्याच मंडळांना, सोसायट्यांना वाटतंय की आपल्या भागाचे जुने फोटो जमवावेत, वाडे पडायच्या आत काहीतरी करावं, एक प्रदर्शन भरवावं. फार चांगलं आहे, व्हायलाच हवं. पण दहापैकी आठ ठिकाणी एकच चूक होते. एक व्हॉट्सॅप ग्रुप निघतो, त्यावर सातशे-आठशे फोटो येऊन पडतात, आणि सहा महिन्यांनी त्यातला कुठला कोणाचा, कुठला, कधीचा हे कोणालाच सांगता येत नाही.

आम्हीही पहिल्या वेळी असंच केलं. त्यात एक फोटो होता, हौदाच्या कट्ट्यावर पाच पोरं, दोघांच्या हातात बादल्या, मागे वाड्याचा दिंडी दरवाजा. ज्या आजींनी दिला त्यांनी तिथल्या तिथे बोट ठेवून पाचही नावं घडाघडा सांगितली, चौथ्यावर थांबून म्हणाल्या "हा आमच्या वाड्यातला नाही हो, हा समोरच्या तालमीतला, पाण्याला यायचा." आम्ही हसलो, मान डोलावली, फोटो स्कॅन केला आणि पुढचा घेतला. लिहिलं कोणीच नाही. प्रदर्शनाच्या वेळी दोन नावं आठवत होती, तोवर आजी मुलीकडे बंगळुरूला गेलेल्या आणि फोनवर त्यांना ऐकू येत नाही. त्या फोटोतली तीन पोरं आजही आमच्याकडे बिननावाची आहेत.

म्हणून दुसऱ्या वेळी क्रमच बदलला. खाली जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या वेळचं. उदाहरणं पुण्याची आहेत कारण आम्ही पुण्यात केलं, पण नाशिक, कोल्हापूर, गिरगाव कुठेही असंच करता येईल.

१. हद्द आखा, आणि लहान आखा

"पुण्याचा वारसा" असा विषय घेऊ नका, "आपल्या पेठेचा" सुद्धा मोठा होतो. एक गल्ली, एक मोठा वाडा आणि त्याच्या समोरची चार घरं, एखादा हौद आणि त्यावर पाणी भरणारी बिऱ्हाडं, एवढं बास. आम्ही हौद धरला. कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणून हौदांत सोडायची व्यवस्था पेशवाईतली, त्यातले बरेच हौद आता दिसतही नाहीत, पण हौद म्हटलं की माणसं आपोआप बोलायला लागतात, नंबर, भांडणं, उन्हाळा, सगळं निघतं.

हद्द ठरली की तिच्यात कोण कोण राहत होतं आणि काम करत होतं त्याची यादी करा. इथे दुसरी मोठी चूक होते, फक्त वाडामालकांकडे जायचं. वारसा सगळ्यांचा असेल तर भाडेकरू बिऱ्हाडं, कोपऱ्यावरचा न्हावी, पिठाची गिरणी, भांडी घासायला येणाऱ्या बायका, पालिकेचे झाडूवाले, तालमीतले पैलवान, फुलवाले, हे सगळे यादीत पाहिजेत. कसबा पेठेत काम असेल तर तांबट आळी आणि शेख सल्ल्याचे दर्गे सोडून चालणार नाही, रविवार पेठेत बोहरी आळी, रास्ता पेठेत सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) आसपासची मराठी बोलणारी बेने इस्रायल ज्यू कुटुंबं. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता त्यांच्याकडे फोटो कमी असणार हे उघड आहे, त्यांच्याकडून आठवण घ्या, रेशनकार्ड बघा, शाळेचा ग्रुप फोटो बघा.

तपासा: यादीत किमान एक तृतीयांश नावं अशी आहेत का, ज्यांच्या घरी तुम्ही एरवी कधी गेला नव्हता? नसतील तर यादी अजून झालेली नाही.

२. कधी करायचं

पावसाळ्यात मुळीच नको. दमट हवेत जुने फोटो एकमेकांना चिकटतात, पिशवीतून आणताना भिजतात. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. गणपतीत प्रदर्शन भरवायचा मोह सगळ्यांना होतो कारण मांडव तयार असतो, पण त्या दहा दिवसांत ढोल, गर्दी, धूळ, कोणी थांबून वाचत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना तर पोचताच येत नाही. प्रदर्शनाला १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन बरा पडतो, परीक्षा संपत आलेल्या असतात.

१२ जुलैला, म्हणजे १९६१ मध्ये पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवशी, काहीतरी करावं असं पुण्यात नेहमी निघतं. त्या दिवशी गप्पांचा कार्यक्रम जरूर ठेवा, मूळ फोटो मात्र तेव्हा घेऊन यायला सांगू नका.

३. माणसं आणि सामान

पाच माणसं लागतात, कमी नको. एक स्वागताला आणि रजिस्टरला, दोन जण बोलायला आणि लिहायला (एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं, दोन्ही एकाला जमत नाही हे मी खात्रीने सांगतो), एक स्कॅनरवर, एक रांग आणि चहा बघायला. लिहिणारा माणूस तुमच्या गटातला सगळ्यात शांत आणि अक्षर चांगलं असलेला निवडा, हे सगळ्यात महत्त्वाचं पद आहे.

सामान असं:
- काचेचा सपाट स्कॅनर. कागद आत ओढून घेणारा नको, तो जुना फोटो मुडपतो किंवा फाडतो.
- जाड पुठ्ठ्याची वही, पानांवर आधीच नंबर घातलेले
- मऊ पेन्सिली (२बी), खोडरबर
- मऊ ब्रश, मेकअपचा नवाकोरा चालतो
- सुती धुतलेला पंचा आणि हात धुवायची सोय
- साधे कागदी लिफाफे, प्लास्टिकचे नको
- दोन हार्ड डिस्क. पेनड्राइव्हवर विसंबू नका
- एक मोबाइल फक्त आवाज रेकॉर्ड करायला, कॉल येणार नाहीत असा ठेवून
- फ्रेममधल्या आणि मोठ्या वस्तूंसाठी बऱ्यापैकी कॅमेरा आणि स्टँड

स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही, गल्लीत कोणाच्या तरी ऑफिसात असतोच, पण आदल्या दिवशी आणून त्यावर दहा फोटो काढून बघा. आमच्या स्कॅनरच्या काचेवर आतून एक रेघ होती, ती चाळीस फोटो झाल्यावर लक्षात आली.

४. परवानगीचा कागद

आधी छापून ठेवा, एका पानाचा, मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत. तीन वेगळे चौकोन करा: प्रत जपून ठेवायला हरकत नाही, गल्लीतल्या प्रदर्शनात लावायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही. तिन्हीवर वेगळी टिक घ्या. बऱ्याच जणांना पहिलं आणि दुसरं चालतं, तिसरं नको असतं, विशेषतः आईचा किंवा सुनेचा फोटो असेल तर, आणि तो त्यांचा हक्क आहे. "नंतर मत बदललं तर कळवा, आम्ही काढून टाकू" ही ओळ घाला आणि ती पाळा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर स्टुडिओचं नाव लिहून घ्या, फोटोचे हक्क घरच्यांकडे नसून फोटोग्राफरकडे असू शकतात.

सावधान: खरेदीखत, भाडेपावती, वाटणीपत्र, कोर्टाचे कागद स्कॅन करू नका, प्रदर्शनात तर अजिबात नको. जुन्या पेठांत मालक-भाडेकरू आणि भाऊबंदकीचे दावे अजून चालू आहेत, तुम्ही प्रेमाने लावलेला एक कागद उद्या कोणाच्या तरी केसमध्ये जाऊन पडेल आणि मग त्या वाड्यातलं कोणीच तुम्हाला दारात उभं करणार नाही. कोणी असा कागद आणलाच तर हात जोडून परत द्या.

५. बोलावणं

पोस्टर लावून कोणी येत नाही. घरोघरी दोनदा जा. पहिल्यांदा नुसतं सांगायला, दुसऱ्यांदा आठवण करायला, मधे आठवडाभर जाऊ दे कारण फोटो माळ्यावर, बेडखालच्या ट्रंकेत, गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात असतात आणि ते काढायला घरातल्या कोणाला तरी स्टुलावर चढावं लागतं. कोथरूडला, सिंहगड रोडला, पिंपरीला गेलेल्या जुन्या बिऱ्हाडांना फोन करा, ते जास्त उत्साहाने येतात. परदेशातल्या मुलांना त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर घ्या, अर्धी नावं तेच ओळखतात.

निरोप एवढाच: एका घरातून जास्तीत जास्त दहा फोटो, शक्यतो घराबाहेरचे, म्हणजे रस्ता, दुकान, चौक, मिरवणूक, हौद, शाळा दिसतेय असे. अल्बममधून उचकटून आणू नका, अख्खा अल्बम आणा. आणि पुसू नका! हे तीनदा सांगा. घरातलं कोणीतरी कौतुकाने ओल्या फडक्याने पुसून आणतंच आणि चेहरे निघून येतात.

६. गोळा करायचा दिवस: क्रम मोडू नका

अ) नोंद. माणूस आला की घराला नंबर द्या. समजा ०७. वहीत नाव, वाडा, मजला, कधीपासून कधीपर्यंत राहिले.

आ) परवानगीची सही. आत्ताच. "जाताना करू" म्हटलं की राहतं.

इ) बोलणं. फोटो टेबलावर ठेवा आणि त्यांनाच बोलू द्या. प्रत्येक फोटोसाठी चार गोष्टी लिहायच्या: कोण, कुठे, कधी, कोणी सांगितलं. चौथी विसरू नका, उद्या दोन जण दोन वेगळी नावं सांगणार आहेत. माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, पुढची ओळ आधी, आणि "डावीकडून" म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर घोळ होतो. नुसतं "बंडूकाका" लिहू नका, आडनाव आणि कोणाचा कोण ते विचारा, कारण प्रत्येक वाड्यात एक बंडू असतो.

ई) फोटोला नंबर. घर ०७, फोटो आठवा, म्हणजे ०७-००८. पेन्सिलीने मागे कडेला हलक्या हाताने, तोही घरच्यांना विचारून. बॉलपेनने कधीच नाही, पुढून वळ उठतो आणि शाई पाझरते. चकचकीत प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे लिफाफ्यावर नंबर घाला.

उ) स्कॅन. पुढची बाजू आणि मागची बाजूही. मागे कितीतरी सापडतं, स्टुडिओचा शिक्का, तारीख, "चि. सौ. कां." असलं काहीतरी. फाइलला तोच नंबर, पुढचीला "पु" (pu) आणि मागचीला "मा" (ma). कॉम्प्युटरवर नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवलं तर पुढे कुठेही उघडायला त्रास होत नाही.

ऊ) मोजून परत. वहीत "१० मिळाले, १० परत" आणि सही.

सावधान: मूळ फोटो एक रात्रही ठेवून घेऊ नका. कितीही आग्रह झाला, "राहू दे हो तुमच्याकडे, निवांत करा" म्हणाले तरी. नीट बोलून लिहिलं तर एका फोटोला पाच-सहा मिनिटं जातात, म्हणजे चार तासांत एका टेबलावर चाळीस-पंचेचाळीस फोटो. कमी वाटतात, पण नावागावासकटचे चाळीस फोटो हे बिननावाच्या आठशेपेक्षा कितीतरी मोलाचे. उरलेल्यांना पुढच्या रविवारची वेळ द्या.

७. फोटो हाताळताना

हात धुऊन, कोरडे करून, कडांना धरा. ब्रशने धूळ मधून बाहेर झटका. पाणी, कोलीन, थुंकी (हो, बघितलंय), काहीही नको.

१९७०-८०च्या काळातले ते चिकट पानांचे आणि वर प्लास्टिक असलेले अल्बम सगळ्यात त्रासाचे. गोंद पिवळा पडून फोटो पानाला पक्का बसलेला असतो. नखाने उचललं की फोटोचा थर सोलून येतो आणि मग तो कायमचा गेला. आधी प्लास्टिक हळूच उचलून अख्खं पान तसंच स्कॅन करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं. काढायचाच असेल तर दात साफ करायचा बारीक दोरा, मेण न लावलेला, फोटोमागून करवतीसारखा सावकाश फिरवत न्या, आणि दोरा अडला तर तिथेच थांबा.

फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा नाही, काचेतूनच त्याचा कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद करून, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून, म्हणजे तुमचंच प्रतिबिंब येत नाही. एकमेकांना चिकटलेला गठ्ठा सोडवायच्या भानगडीत पडू नका, तो जाणकाराकडे न्यायचा. कसर लागलेला किंवा बुरशीचा फोटो बाकीच्यांपासून वेगळ्या लिफाफ्यात, आणि तो झाल्यावर स्कॅनरची काच पुसा.

लोक फोटो परत नेताना विचारतात की लॅमिनेट करू का. नाही म्हणा. ते परत निघत नाही आणि उष्णतेने जुना फोटो खराब होतो. सेलोटेपही नको. कागदी लिफाफा, कोरडी जागा, भिंतीला न टेकवलेलं कपाट, एवढंच सांगा.

८. स्कॅनरची सेटिंग

थोडक्यात: साध्या आकाराचे फोटो ६०० डीपीआय (दर इंचाला किती ठिपके ते माप), पासपोर्टएवढे १२००, निगेटिव्ह २४०० किंवा जास्त. काळापांढरा फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या, पिवळेपणा आणि डाग हीसुद्धा माहिती असते. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारी मोठी फाइल), वाटायला जेपेग (दाबलेली छोटी फाइल). चार बाय सहाचा एक फोटो ६०० डीपीआयला साधारण २५ एमबी होतो, पाचशे फोटो म्हणजे तेरा जीबी, आजच्या डिस्कला ते काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवायला क्वालिटी कमी करू नका. "आपोआप सुधारणा" वगैरे सगळं बंद. मोबाइलच्या ॲपने चेहरे गुळगुळीत करणं, रंग भरणं हे मूळ प्रतीवर तर कधीच नाही. आणि व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

९. "कधीचा?" हे कसं काढायचं

साल विचारू नका. "कुठल्या सालचा?" म्हटलं की माणूस गोंधळतो आणि काहीतरी आकडा ठोकून देतो. पुण्यात विचारायचं "पानशेतच्या आधीचा की नंतरचा?" लगेच उत्तर येतं, कारण १२ जुलै १९६१ ला धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि त्या घरांचं आयुष्य आधी-नंतर असं तुटलेलं आहे. कित्येकांकडे त्याआधीचा एकही फोटो नाही, सगळे पाण्यात गेले, हेही तसंच वहीत लिहा. "१९६१ पूर्वीचे फोटो नाहीत, पुरात गेले" ही नोंद म्हणजे फोटोइतकीच महत्त्वाची. मग पुढचे टप्पे: कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी. घरातले टप्पे: थोरलीच्या लग्नाआधी की नंतर, धाकटा शाळेत जायला लागला होता का.

फोटोत आणि कागदात खुणा असतात त्या बघा:
- गच्चीवर टीव्हीचा ॲन्टेना असेल तर १९७२ नंतरचा, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं.
- दुकानाच्या पाटीवर किंवा बिलावर आणे असतील तर बहुधा १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं.
- पत्त्यात नुसतं "पुणे ३०" असेल तर पिनकोडच्या आधीची पद्धत, ४११०३० असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. जुनी पद्धत लोक पुढेही वापरत राहिले, म्हणून उलटं अनुमान काढू नका.
- गाडीच्या पाटीवर एमएच-१२ दिसलं तर १९८९ च्या आधीचा नाही.

लग्नपत्रिका आणि मुंजीच्या पत्रिका हा तर खजिना आहे, पण त्यावर बऱ्याचदा शकच असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण वर्षाच्या शेवटी, माघ-फाल्गुनात, ७९ मिळवावे लागतात कारण तोवर नवं इंग्रजी वर्ष लागलेलं असतं. वैशाख शके १८८० म्हणजे १९५८, आणि फाल्गुन शके १८८० म्हणजे १९५९. ही चूक मी चांगल्या छापील स्मरणिकेतसुद्धा बघितली आहे. मार्गशीर्षात आणि पौषात तिथी बघून पंचांगातूनच ठरवा.

नक्की कळलं नाही तर "१९६१ पूर्वी" किंवा "१९६५ ते ७० दरम्यान, अंदाज" असं लिहा. अंदाज हा शब्द लिहायला लाजू नका. मोडी लिपीतला कागद आला तर कोणीतरी "हे शिवाजी महाराजांच्या काळातलं आहे" म्हणणारच, त्यावर काहीही न लिहिता "मोडी, वाचायचं आहे" एवढंच लिहा आणि वाचणाऱ्याकडे न्या.

१०. आठवणी रेकॉर्ड करताना

हे घरी जाऊन, दुसऱ्या दिवशी. गर्दीत होत नाही. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरची वेळ टाळून, मोबाइल घडी केलेल्या नॅपकिनवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला स्वतः बोला: तारीख, जागा, कोण बोलतंय, कोण विचारतंय. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका.

"तेव्हाचं पुणं कसं होतं हो आजी?" असं विचारलं की "फार छान होतं, माणुसकी होती" एवढंच येतं आणि संपतं. असं विचारा: पाणी किती वाजता यायचं? नंबर कसा लावायचा, बादली ठेवून की उभं राहून? वाड्यात बिऱ्हाडं किती, संडास किती? रात्री दिंडी दरवाजा कोण लावायचं आणि उशीर झाला तर काय? पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?

सगळ्यात जास्त कामाला येतं ते म्हणजे एक कोरा कागद आणि पेन्सिल. "वाड्याचा नकाशा काढून दाखवा ना." आजोबा म्हणतात मला कुठे येतंय, आणि मग काढायला लागतात, देवडी, चौक, आड, ओटी, माजघर, माडीचा जिना, जिन्याखाली कोळशाची कोठी, आणि प्रत्येक खोलीशी थांबतात. आमच्याकडे एका आजोबांनी आडाच्या जागी गोल काढला, पेन्सिल तशीच धरून ठेवली आणि म्हणाले, "इथे आई बसायची दुपारची. ऊन यायचं नाही ना." तो वाडा पाडून आता सहा मजली इमारत आहे, पार्किंग आहे तिथे. तो कागदही स्कॅन होऊन त्यांच्या नंबरवर लागला.

आणि अवघड प्रश्न टाळू नका. हौदावर कोणाला पाणी भरू देत नव्हते? कोण लांब उभं राहायचं? जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच शहरात, गंज पेठेत. आपण सगळ्यांच्या आठवणी म्हणतोय तर ज्यांना त्या कट्ट्यावर यायची बंदी होती त्यांच्या घरची आठवण पण त्याच वहीत पाहिजे, आणि ती त्यांच्याकडूनच ऐकायची, वाड्यातल्यांकडून नाही. जबरदस्ती मात्र नको. "हे लिहू नका" म्हटलं की रेकॉर्डिंग तिथे थांबवा.

११. त्याच रात्री

थकलेले असाल तरी झोपायच्या आधी एवढं करा. सगळ्या फाइल दोन्ही डिस्कवर, डिस्क दोन वेगळ्या घरी. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो. दहा फाइल उघडून नंबर वहीशी जुळतात का ते बघा. पुढच्या आठवड्यात वही एक्सेलमध्ये उतरवा, पण वही फेकू नका, तिच्यातली खाडाखोडसुद्धा लागते.

तपासा: लिहिणारा माणूस सोडून दुसऱ्या कोणाला वही वाचता येते का? त्याच रात्री वाचून घ्या, महिन्याने त्यालाच वाचता येणार नाही.

१२. प्रदर्शन

मूळ फोटो लावायचे नाहीत, फक्त प्रती. फ्लेक्सवर चाळीस फोटो एकत्र दाबू नका, मॅट कागदावर एक-एक, ए४ किंवा मोठा. जागा म्हणजे देवळाचा सभामंडप, शाळेचा हॉल, तालीम, जिथे सगळ्यांना यायला संकोच वाटणार नाही अशी. एखाद्या समाजाला तिथे पाय ठेवायला अवघडल्यासारखं होत असेल तर जागा बदला. उंची अशी की खुर्चीत बसलेल्या माणसालाही दिसेल. चार खुर्च्या भिंतीपाशीच ठेवा.

फोटोखाली मोठ्या अक्षरात: कोण, कुठे, कधी, कोणाकडून. विशेषणं नको. "सुवर्णकाळातील रम्य क्षण" असलं लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो; "डावीकडून दुसरा ओळखता का?" लिहिलं की थांबतो.

प्रत्येक फोटोशेजारी कोरी चिठ्ठी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा. ज्याला नाव माहितीय त्याने लिहायचं, आणि खाली स्वतःचं नावही. दोघांनी वेगळं लिहिलं तर दोन्ही चिठ्ठ्या जपा, भांडण लागलं तर दोघांना चहा पाजून शेजारी बसवा. आमच्या दुसऱ्या प्रदर्शनात अशा चिठ्ठ्यांतून एकोणीस नवी नावं मिळाली, आणि गिरणीवाल्याच्या नातवाने स्वतःच्या आजोबांना पहिल्यांदा तरुण बघितलं.

उद्घाटन, भाषणं, सत्कार आटोपशीर. पाहुणे येईपर्यंत म्हातारी माणसं ताटकळतात. दीपप्रज्वलन गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या व्यक्तीकडून करून घ्या.

१३. नंतर

ज्यांनी फोटो दिले त्या प्रत्येक घरी चांगली छापलेली एक प्रत आणि फाइल पोचवा, सोबत तुम्ही लिहून घेतलेली माहिती टाइप करून. हे महिन्याच्या आत. हे राहिलं तर पुढच्या वेळी कोणी कपाट उघडणार नाही. एक संच जवळच्या वाचनालयाला किंवा संस्थेला द्यायचा असेल तर आधी जाऊन विचारा त्यांना कशा स्वरूपात हवं, ठेवायला जागा आणि माणूस आहे का. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्था आहेत, मोडीच्या बाबतीत तरी आधी तिथे विचारावं. संच देताना परवानगीच्या कागदांची प्रत बरोबर, म्हणजे काय दाखवता येईल आणि काय नाही हे पुढच्या माणसालाही कळेल.

डिस्क मात्र कपाटात ठेवून विसरायची नाही. वर्षातून एकदा लावून फाइल उघडतात का ते बघायचं, चार-पाच वर्षांनी नवीन डिस्कवर उतरवायचं. आम्ही दर वर्षी १२ जुलैला लावतो. दोन घरं, दोन डिस्क, दहा-दहा फाइल उघडायच्या, वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि सही करायची. आणि हौदावरच्या त्या तीन पोरांचा फोटो ग्रुपवर परत एकदा टाकायचा, खाली प्रश्न तोच, कोणी ओळखतं का.